दुकानातील संगणकाची कार्यप्रणाली बदलताना : आधी हिशेब सांभाळा

लहान व्यापाऱ्याच्या दुकानात संगणक आला तो बहुतेक ठिकाणी हिशेबासाठी. रोजकीर्द आणि खातेवही हाताने लिहिणारे मुनीम कमी झाले, बिले संगणकावर निघू लागली आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर तर संगणकाशिवाय धंदा चालवणे अवघड होऊन बसले. एकदा घेतलेले यंत्र चालेल तोवर वापरायचे ही आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांची रीत आहे आणि तिच्यात काही चूक नाही. शिलाई मशीन किंवा यंत्रमाग चालत असेल तर तो कोणी भंगारात देत नाही. संगणकाची अडचण मात्र वेगळी आहे. यंत्र धडधाकट असते, पण ते चालवणारी कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, म्हातारी होते.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने जुलै २०१५ मध्ये आणलेल्या विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. नोंदणी करणाऱ्यांना कंपनीने एक वर्षाची जादा मुदत देऊ केली, पण मुदत ही शेवटी मुदतच. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ प्रत्येक यंत्रावर रीतसर बसत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था, किमान ४ जीबी मेमरी आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. इंटेलचे बोलायचे तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतरचे. त्यामुळे अनेक दुकानांतील चालू संगणक या अटीत बसत नाहीत.

देखभाल थांबली म्हणजे संगणक बंद पडत नाही, म्हणून पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. धोका कुठे असतो हे मे २०१७ मध्ये दिसले. त्या वेळी ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक प्रोग्रामने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांतील फाईली कुलूपबंद केल्या आणि त्या उघडण्यासाठी खंडणी मागितली. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांची यंत्रे सापडली. ज्या कार्यप्रणालीला अशी दुरुस्ती येणेच थांबले, तिच्यावर उधारीचा सगळा हिशेब ठेवून इंटरनेट वापरणे म्हणजे गल्ला उघडा टाकून जेवायला जाण्यासारखे आहे.

तीन वाटा

नवीन संगणक घेणे ही पहिली वाट. ज्याला परवडते त्याने ती खुशाल धरावी. दुसरी वाट म्हणजे कोणाकडून तरी चोरीची प्रत बसवून घेणे. या वाटेला जाऊ नये. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे चोरीचा संगणक-प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय जो माल तराजूत खरा हवा, त्याचा हिशेब चोरीच्या साधनावर ठेवणे सचोटीच्या व्यापाऱ्याला शोभत नाही.

तिसरी वाट म्हणजे लिनक्स. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. त्यावर उभारलेल्या उबुंटू आणि लिनक्स मिंट या कार्यप्रणाली विनामूल्य मिळतात आणि जुन्या यंत्रांवरही बऱ्यापैकी चालतात. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते व तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. मिंटची मांडणी विंडोज वापरणाऱ्याला ओळखीची वाटते. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ.

मात्र फुकट मिळते म्हणून एका दुपारी जुने सर्व पुसून नवे बसवणाऱ्याचे नुकसान ठरलेले आहे. किंमत पैशात द्यावी लागली नाही तरी वेळेत व सवयीत द्यावी लागते.

कोणते काम अडेल?

प्रथम कागद घेऊन आपण संगणकावर कोणकोणती कामे करतो ते लिहावे. जीएसटीचे संकेतस्थळ, ई-वे बिल, बँक, ई-मेल आणि व्हॉट्सॲप ही कामे ब्राउझरमधून होतात, म्हणून ती लिनक्सवरही चालतात. मात्र ज्यांना डिजिटल सहीचे टोकन लावावे लागते त्यांनी ते आधी तपासून घ्यावे. पत्रे व तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस हा विनामूल्य संच आहे. तो वर्ड आणि एक्सेलच्या फाईली उघडतो, पण मॅक्रो असलेला तक्ता बिघडू शकतो आणि पानाची मांडणी थोडी सरकू शकते.

खरी अडचण धंद्याच्या खास प्रोग्रामची आहे. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. भरतकामाच्या यंत्रांसाठी नक्षी तयार करणारे विल्कॉम विंडोजवरच चालते. लग्नपत्रिका व लेबले छापणाऱ्यांचे कोरल-ड्रॉ आज लिनक्ससाठी मिळत नाही. इंकस्केप हा विनामूल्य प्रोग्राम कोरलच्या काही फाईली उघडतो, पण ज्याचे रोजचे गिऱ्हाईक कोरलची फाईल घेऊन येते त्याने त्यावर विसंबू नये. ‘वाईन’ नावाच्या सोयीने विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालवता येतात. परंतु ‘काही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हिशेबासारखे काम अशा बेभरवशावर सोडू नये.

जुना हिशेब उघडला पाहिजे

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची पुस्तके व कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे जपून ठेवावी लागतात. फाईल जपली आणि ती उघडणारा प्रोग्राम गेला, तर ती जपली काय आणि न जपली काय, सारखेच.

म्हणून बदल करण्यापूर्वी प्रत्येक वर्षाची खातेवही, रोजकीर्द, विक्री-खरेदी नोंदी आणि उधारीची यादी पीडीएफ तसेच एक्सेल या दोन्ही रूपांत काढून घ्यावी. मूळ डेटाची प्रत वेगळी ठेवावी. या सर्वांच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी असाव्यात, एक दुकानात आणि एक घरी. प्रत दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडते की नाही हे पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

मराठी आणि उर्दू मजकूर

आपल्या छापखानेवाल्यांना आणखी एक अडचण येते. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाईप केलेला मराठी मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांचा कचरा दिसतो. जुन्या इनपेजमधील उर्दू फाईलींचेही तसेच आहे. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि एकदा नजरेखालून घालावा, कारण जोडाक्षरे रूपांतरात कधीकधी बिघडतात. युनिकोडचा मजकूर मात्र विंडोज, लिनक्स आणि मोबाईल, सगळीकडे सारखाच वाचता येतो. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे एकच आहे. उर्दूसाठी नोटो नस्तालीक हा फाँट विनामूल्य मिळतो.

हाताची सवय

नव्या कार्यप्रणालीत पहिल्या आठवड्यात हात अडखळतो. सी ड्राईव्ह, डी ड्राईव्ह दिसत नाहीत. सर्व काही एकाच मुळापासून फुटलेल्या फांद्यांसारखे असते आणि आपल्या फाईली ‘होम’ फोल्डरमध्ये राहतात. इंग्रजी नावातील लहान व मोठी अक्षरे वेगळी मानली जातात. इंटरनेटवरून उतरवलेली ईएक्सई फाईल चालत नाही. प्रोग्राम सॉफ्टवेअरच्या भांडारातून घ्यावा लागतो आणि बसवताना पासवर्ड विचारला जातो. हा पासवर्ड कारागिराला किंवा नोकराला देऊ नये. प्रिंटर बहुधा लावताच ओळखला जातो, पण लेबल व पावती छापणारी यंत्रे तपासूनच घ्यावीत.

ही तपासणी काहीही न पुसता करता येते. लिनक्स पेनड्राईव्हवर घेऊन त्यावरूनच संगणक सुरू करता येतो. चार दिवस असे वापरून पाहावे. प्रिंटर, स्कॅनर, वायफाय चालले तर पुढे जावे, न चालले तर पेनड्राईव्ह काढला की जुने सर्व जसेच्या तसे.

मोठ्यांचा अनुभव

जर्मनीतील म्युनिक शहराच्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला आणि २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. बाहेरून येणाऱ्या कागदपत्रांच्या व कर्मचाऱ्यांच्या तक्रारी मात्र थांबल्या नाहीत. राजकारणाचेही वारे फिरले आणि २०१७ मध्ये तिने पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरवले. उलट आपल्याच देशात केरळच्या सरकारी शाळांनी ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाद्वारे लिनक्स स्वीकारले आणि ते टिकले. तेथे शिक्षकांना आधी शिकवले गेले आणि पाठ्यपुस्तकेही त्याच साधनांवर बेतली गेली. माणसे तयार झाली तेथे यंत्रणा रुजली.

दुकानदाराने यातून घ्यायचे ते असे. पहिला महिना दोन्ही कार्यप्रणाली ठेवाव्यात. एकाच संगणकावर दोन्ही बसवता येतात, पण जुना दुसरा संगणक असेल तर अधिक बरे. पत्रे, ई-मेल आणि बँक नव्यावर न्यावी. टॅली किंवा नक्षीचा प्रोग्राम जुन्या विंडोजवर ठेवून त्या यंत्राचे इंटरनेट काढून टाकावे आणि त्याला लावायचा पेनड्राईव्ह फक्त त्याच कामाचा ठेवावा. महिन्याअखेरीस कोणते काम अडले ते पाहून निर्णय घ्यावा. वर्षअखेरीच्या किंवा सणाच्या गर्दीत हा उद्योग सुरू करू नये. घरातील शिकलेल्या मुलामुलींना यात सामील करून घ्यावे, पण डेटाची प्रत कुठे आहे आणि पासवर्ड काय आहे हे मालकाला स्वतःला माहीत असलेच पाहिजे.

ज्याचे सारे काम ब्राउझर आणि साध्या तक्त्यांवर चालते त्याचा जुना संगणक लिनक्समुळे आणखी काही वर्षे उपयोगी पडेल आणि नव्या यंत्राचा पैसा मालात गुंतवता येईल. ज्याची रोजी विशिष्ट प्रोग्रामवर अवलंबून आहे त्याने मात्र पैसे साठवून रीतसर परवान्याचा नवा संगणक घ्यावा, त्यातच त्याचा फायदा आहे. कोणत्याही वाटेने गेलात तरी आजच्या आज एक काम करून टाकावे. हिशेबाची प्रत काढून ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी.