शून्य सावलीची दोन उत्तरे

मे महिन्याच्या मध्याला पुण्या-मुंबईत भर दुपारी उन्हात ठेवलेल्या बाटलीची सावली नाहीशी होते, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तिचा फोटो झळकतो. हाच शून्य सावलीचा दिवस जुलैच्या अखेरीस पुन्हा येतो. पण तेव्हा आभाळ भरलेले असते, म्हणून त्याची फारशी दखल घेतली जात नाही. हा योग दोनदा का येतो आणि नेमका केव्हा, हे कळायला कॉलेजातले एक साधे समीकरण पुरते.

सूर्य थेट डोक्यावर येतो तेव्हा त्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, आपल्या गावाच्या अक्षांशाएवढी असते. मार्चमधल्या विषुवदिनापासून सूर्याने क्रांतिवृत्तावर, म्हणजे आकाशातल्या आपल्या वार्षिक वाटेवर, जेवढा कोन कापला, त्याला क्ष म्हणू. पृथ्वीचा अक्ष 23.44° कललेला आहे. म्हणून,

साइन(अक्षांश) = साइन 23.44° × साइन क्ष

पुण्याचा अक्षांश 18.5°. तेव्हा साइन क्ष = 0.3173 ÷ 0.3978, म्हणजे सुमारे 0.798. कॅल्क्युलेटर सांगतो: 53°. सूर्य रोज साधारण एक अंश, या दिवसांत किंचित कमीच, सरकतो. त्या हिशेबाने तारीख येते 13-14 मे.

इथे थांबलो तर गणित अर्धेच होते. साइनची किंमत 90 अंशांपर्यंत जशी चढते, तशीच पुढे 180 पर्यंत उतरते. म्हणून 180 − 53 = 127° हेही तितकेच खरे उत्तर, आणि त्याची तारीख 30 जुलैच्या आसपास. या दोन मुख्य उकली. त्यांत 360° च्या पटी मिळवत गेलो की दरवर्षीचे दिवस मिळतात. ती सामान्य उकल.

साइनवरून कोन काढण्याचा हा उलटा प्रश्न जुनाच आहे. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’त चापावरून (वर्तुळाच्या कंसावरून) जीवा काढण्याचे स्थूल सूत्र आहे, तसेच जीवेवरून चाप काढण्याचेही. हे दुसरे सूत्र वर्गसमीकरणातून येते. त्यात वर्गमूळ वजा करून लहान चाप घेतला आहे. वर्गमूळ मिळवले असते तर त्याच जीवेचा मोठा चाप हाती आला असता.

कोसाइनची जोडी वेगळी. तिथे क्ष आणि उणे क्ष यांची किंमत एकच. सूर्योदय-सूर्यास्ताचे समीकरण कोसाइनचेच आहे; त्यात क्ष म्हणजे माध्यान्हीपासून पृथ्वी जेवढी फिरते तो कोन. 21 डिसेंबरला पुण्यासाठी कोसाइन क्ष = 0.145 येते, म्हणजे क्ष = ±81.7°. पृथ्वी तासाला 15° फिरते. म्हणून खऱ्या माध्यान्हीच्या 5 तास 27 मिनिटे आधी सूर्य उगवतो आणि तेवढ्याच वेळाने मावळतो. वातावरणातल्या अपवर्तनामुळे दिवस प्रत्यक्षात थोडा मोठा दिसतो.

साइन आणि कोसाइन एकाच समीकरणात आले की सावध राहावे. 2 साइन क्ष कोसाइन क्ष = कोसाइन क्ष या समीकरणाला कोसाइनने भागले, तर 30° आणि 150° उरतात, पण 90° आणि 270° गळून पडतात. भागण्याऐवजी सगळे एका बाजूला घेऊन अवयव पाडावेत. उलट साइन क्ष + कोसाइन क्ष = 1 याचा वर्ग केला, तर 0°, 90°, 180°, 270° असे चार दावेदार उभे राहतात. मूळ समीकरणात घालून पाहिले की 180° आणि 270° यांसाठी डावी बाजू −1 येते; ते बाद.

आता शून्य सावलीच्या समीकरणात अक्षांश बदलून पाहा. कोल्हापूरला (16.7°) क्ष येतो 46° आणि 134°: मेचा पहिला आठवडा आणि ऑगस्टचा पहिला आठवडा. नागपूरला (21.15°) 65° आणि 115°: मेचा शेवटचा आठवडा आणि जुलैचा मध्य. उत्तरेकडे जावे तशा तारखा जवळ येतात आणि कर्कवृत्तावर 21 जूनच्या सुमारास एक होतात. दिल्लीसाठी (28.6°) मात्र साइन क्ष = 1.2 निघते. साइन 1 च्या वर जात नाही, म्हणून समीकरणाला उकल नाही आणि दिल्लीकरांना शून्य सावलीचा दिवसही नाही.