सह्याद्रीच्या भिंतीतली लाल पट्टी

पाचगणी-महाबळेश्वर परिसरातले दख्खनचे लाव्हाथर सप्टेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले आणि बातमीसोबत बहुतेक ठिकाणी टेबललँडचा फोटो छापून आला. फोटो देखणा आहेच. पण ज्या काळ्या थरांमुळे ही जागा यादीत गेली, ते टेबललँडच्या माथ्यावर दिसत नाहीत. माथ्यावर आहे तो जांभा. काळा पाषाण लाखो वर्षे पावसात भिजला, उन्हात तापला, त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिले आणि हे लालसर, छिद्राछिद्रांचे कवच तयार झाले. मूळ लाव्हा पाहायचा तर पठारावरून खाली उतरायला हवे. वाईहून चढणारा पसरणी घाट किंवा महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट घ्या. रस्त्यासाठी कापलेली डोंगराची भिंत तिथे उघडी पडलेली आहे.

ही भिंत वाचायला फार शिक्षण लागत नाही. लाव्हाचा लोंढा पसरून थिजू लागला की त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो आणि वरच्या भागात अडकतो. म्हणून प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र असतो आणि पोट भरीव. भरीव पोट म्हणजे काळा पाषाण. तो हाताला जड लागतो, हातोडी मारली तर खणखणतो आणि ताज्या फुटीवर त्याचे कण नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. सच्छिद्र माथ्यातली भोके पुढे पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरली की त्या खडकाला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्या ठिसूळ असतो आणि लवकर झिजतो, म्हणून त्याचा उतार होतो. पाषाण झिजायला नकार देतो, म्हणून त्याचा कडा होतो. कडा, उतार, पुन्हा कडा असा जो सह्याद्री आपण बसच्या खिडकीतून पाहतो, तो एकावर एक साचलेल्या लाव्हाचा उभा छेद आहे. किल्ल्यांच्या माच्या आणि बालेकिल्ल्यांचे ताशीव कडे याच रचनेने घडवले आहेत.

खंडाळ्याच्या मंकी हिलचे नाव रेल्वेप्रवाशांना दरडींमुळे ठाऊक आहे. भूशास्त्रज्ञांना ते वेगळ्या कारणाने ठाऊक आहे: तिथल्या एका थरात पांढऱ्या फेल्डस्पारचे बोटाएवढे लांब स्फटिक काळ्या खडकात रुतलेले आहेत. असेच मोठ्या स्फटिकांचे थर मंचर, गिरवली आणि कशेळे या गावांच्या नावांनी ओळखले जातात. स्फटिक एवढे वाढायला सवड लागते. लाव्हा वर येण्याआधी जमिनीखाली बराच काळ संथपणे गार होत होता, हे त्यांच्या आकारावरून कळते.

मला मात्र या भिंतीत सगळ्यात मोलाची वाटते ती लाल पट्टी. दोन काळ्या थरांच्या मध्ये कुठे वीतभर, कुठे हातभर जाडीचा विटकरी रंगाचा थर दिसतो. त्याला गेरू म्हणतात. लाल रंगामुळे पुष्कळांची त्याच्यात आणि जांभ्यात गफलत होते, पण फरक ओळखणे सोपे आहे. जांभा माथ्यावर असतो, गेरू दोन थरांच्या मध्ये. जांभ्याला भोके असतात आणि खाणीतून निघालेला मऊ चिरा हवेत आणखी कडक होतो. गेरू मातीसारखा असतो, नखाने उकरता येतो आणि बोटे लाल करतो. ओला झाला की फुगतो, त्यामुळे बोगदे आणि धरणांचे पाये खणणारे अभियंते त्याच्यापासून सावध असतात. पाणी तो सहजी खाली जाऊ देत नाही, म्हणून डोंगराच्या कुशीतले काही झरे नेमके या पट्टीच्या वर फुटतात.

एक लोंढा थिजला आणि पुढचा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला, तर उघड्या पडलेल्या खडकाची माती होते. मग नवा लाव्हा त्या मातीवर पसरतो आणि तिला भाजून काढतो. बहुतेक लाल पट्ट्या अशा तयार झाल्या. म्हणजे काळा थर हा उद्रेकाचा पुरावा आणि लाल पट्टी ही विश्रांतीची नोंद. जिथे लाल पट्टी दिसते, तिथे ज्वालामुखी थांबला होता, पाऊस पडत होता, माती तयार होत होती.

या पट्टीचे खरे महत्त्व गेल्या दहा-बारा वर्षांत कळले. बेसॉल्टचे, म्हणजे या काळ्या पाषाणाचे, वय अचूक काढणे अवघड असते, कारण त्यासाठी उत्तम असलेले झिरकॉन हे खनिज त्यात जवळजवळ सापडत नाही. झिरकॉनमध्ये अडकलेल्या युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होत जाते आणि दोन्ही मोजले की वय मिळते. प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे झिरकॉन लाल पट्ट्यांमध्ये शोधले. शांततेच्या काळात वेगळ्या प्रकारच्या, सिलिका जास्त असलेल्या उद्रेकांची राख येऊन त्या मातीत मिसळली होती आणि तिच्यासोबत हे सूक्ष्म स्फटिक आले होते. २०१५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी मांडले की दख्खनचे मुख्य उद्रेक डायनोसॉर नष्ट होण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाले आणि साधारण साडेसात लाख वर्षे चालले. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दल इतक्या बारकाईने बोलता येते, ते या मातीमुळे.

२०१९ मध्ये ‘सायन्स’मध्येच दोन निबंध आले आणि त्यांचे पटले नाही. शोएन यांच्या गटाने झिरकॉनच्या आधारे चार मोठे उमाळे दाखवले, त्यातला एक सर्वनाशाच्या काही दहा हजार वर्षे आधीचा. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने लाव्हातल्याच स्फटिकांचे आर्गॉन पद्धतीने वय काढले. त्यांच्या मते सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा सर्वनाशानंतर बाहेर पडला. मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीने डायनोसॉर संपवले की दख्खनच्या धुराने त्यांना आधीच खिळखिळे केले होते, हा वाद त्यामुळे अजून जिवंत आहे. तो पुढे नेणारा पुरावा आपल्या घाटरस्त्यांत आहे. या निबंधांतली थरांची नावे वाचली की अंगावर काटा येतो: जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रीला लाव्हाचे जे तुकडे आहेत, तेही आंबेनळी आणि महाबळेश्वर थरांशी जुळतात. हजारेक किलोमीटरचा तो प्रवास होता.

मांजऱ्याची भोके भरणारी खनिजे हे आणखी एक वैभव आहे. खडक गार झाल्यावर त्यात मुरलेल्या उष्ण पाण्यातून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अॅपोफिलाइट, स्कोलेसाइट ही खनिजे साचली. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून निघालेले निळेशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत आहे आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ही सगळी मंडळी पाहता येतात. ट्रेकला सापडलेला पांढरा खडा गारगोटी आहे का, हे काचेच्या तुकड्यावर ओढून पाहा: गारगोटी काचेवर ओरखडा उठवते. स्टिल्बाइट आणि कॅल्साइट उठवत नाहीत. कॅल्साइटची पूड करून तिच्यावर लिंबू पिळले तर बारीक बुडबुडे येतात. पडलेले दगडच उचला. किल्ल्यावर किंवा लेण्यात हातोडी चालवायचे कारण नाही.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग याच लाव्हाखाली आहे, त्यामुळे ही ओळख बहुतेकांना घराजवळ करता येते. भंडारा-गडचिरोलीकडे गेलात तर खडक बदलतो आणि कितीतरी जुने ग्रॅनाइट आणि नाइस दिसू लागतात. चंद्रपुरात कोळसा पोटात घेतलेला वालुकाश्म आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय.

संभाव्य यादी ही पहिली पायरी आहे. अंतिम नामांकनासाठी जागेची हद्द आणि तिच्या संरक्षणाचा आराखडा द्यावा लागतो. माझे म्हणणे एवढेच की त्या आराखड्यात माथ्याइतकाच घाटातल्या कापलेल्या भिंतींचा विचार व्हावा. रस्ता रुंद करताना दरडीच्या भीतीने भिंतीला जाळी लागते, सिमेंटचा थर चढतो. जिथे जिवाला धोका आहे तिथे तो चढलाच पाहिजे. पण दोन काळ्या थरांमधली लाल पट्टी स्वच्छ दिसते अशी एखादी सुरक्षित जागा निवडून ती उघडी ठेवावी, गाडी थांबवता येईल एवढी मोकळीक करावी आणि कोणता थर कधीचा हे सांगणारा मराठी फलक लावावा. सार्वजनिक बांधकाम खाते आणि भूशास्त्राचे प्राध्यापक यांनी एकत्र बसून रुंदीकरणाचे काम सुरू होण्याआधी या जागा ठरवाव्यात, कारण सिमेंट चढल्यावर तो थर पुन्हा पाहायला मिळणार नाही.