पावतीपुस्तक गावाकडे, निर्णय कुणाकडे?

साताऱ्याच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर कासचा सडा आहे. जांभा दगड, त्यावर मातीचा पातळ थर. नत्र इतके कमी, की सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती चक्क किडे खाऊन ती उणीव भरून काढतात. गेंद, तेरडा, सोनकी आणि साताऱ्याच्या सड्यांवरचाच म्हणून ओळखला जाणारा वायतुरा हे सगळे याच जमिनीवर. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली 39 ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यात कास आले आणि फुलांपेक्षा गाड्या जास्त दिसू लागल्या.

गर्दी आवरायला वनखात्याने कास, कासाणी, एकीव, आटाळी या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांना हाताशी धरले. प्रवेशशुल्क, वाहनतळ, वाट दाखवणे, प्लास्टिक गोळा करणे ही कामे गावच्या पोरापोरींकडे आली. रोजच्या पर्यटकांना तीन हजारांची मर्यादा घातली गेली. हे चांगलेच झाले. हंगामापुरता का होईना, गावात पैसा आला आणि फुले तुडवणाऱ्याला हटकणारा माणूस जागेवर उभा राहिला.

पण सड्याभोवती लोखंडी जाळी घालून गुरांची चराई बंद केली, तो निर्णय गुराख्यांना विचारून झालेला नव्हता. कागदावर त्यात काही वावगे नव्हते: गुरे फुले खातात, म्हणून गुरे बाहेर. काही वर्षांनी गावकरी सांगू लागले, की गवत माजले आणि फुले हटली. काही अभ्यासकांनीही हेच म्हटले. गुरे उंच गवत खातात तेव्हा बोटभर उंचीच्या फुलझाडांना ऊन मिळते. शेणाने मातीला कस येतो. खुरांच्या खळग्यांत पाणी साचते. अति चराई सडा उजाड करते हेही खरेच. किती गुरे, कोणत्या महिन्यात, कोणत्या अंगाला, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे निम्मे उत्तर गुराख्याकडे असते. पुढे जाळी काढावी लागली. चार माणसांना आधी विचारले असते तर लोखंडाचा खर्च वाचला असता.

गुराख्याला काय ठाऊक असते, हे पाहायचे तर कंदीलपुष्प घ्यावे. सह्याद्रीत याच्या अनेक जाती आहेत आणि त्यांतल्या काही अगदी मोजक्या डोंगरांवर उरल्या आहेत. फुलाची लांब नळी असते आणि आत खाली वळलेले केस. वासाने ओढली गेलेली बारीक माशी आत शिरते ती अडकते. केस सुकले की परागकण घेऊन सुटते. ही माशी नसेल तर बी धरत नाही. जमिनीखाली याचा कंद असतो आणि तो खाण्याजोगा. म्हणजे झाड कुठे उगवते हे गुरांमागे हिंडणाऱ्या पोरांना पक्के माहीत, आणि कंद उकरणारेही तेच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पे वाढवून पुन्हा डोंगरात लावण्याचे काम केले. मात्र रोप लावून शास्त्रज्ञ परततो. त्यानंतर राखण करायची ती डोंगरावरच्या माणसाने. कंद खाणाऱ्यालाच राखणदार नेमणे, एवढा साधा हा व्यवहार आहे.

सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरजवळच्या मांघरला तो व्यवहार जमला. मे 2022 मध्ये हे देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. धूर करून, पोळे ओरबाडून, अंडी-पिल्लांसकट पिळून मध काढायची जुनी रीत होती. सातेरी माशी पेटीत पाळली की यंत्राने नुसता मध निघतो आणि पोळे पुन्हा कामाला येते. पण माशी पेटीपासून फार लांब जात नाही. जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी आसपास फुलली तरच मध. वणवा लागला तर नुकसान थेट घरात येते. अशा गावाला जंगल राखण्याचे प्रवचन द्यावे लागत नाही.

सगळ्याच किड्यांना मध नसतो, ही यातली मेख आहे. कंदीलपुष्पात अडकणाऱ्या माशीचा बाजारभाव शून्य. तिच्यासाठी कायदा कामाला यायला हवा. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने गावाशी सल्लामसलत करून लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. डॉ. माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीची कल्पना आग्रहाने मांडली, ती गावाच्या तोंडी असलेले ज्ञान गावाच्याच हक्कात राहावे म्हणून. राज्यात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती. हरित न्यायाधिकरणाने जानेवारी 2020 ची मुदत घालून दंडाची तंबी दिली आणि नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. घाईत भरलेल्या वहीत आंबा, वड, गाय, चिमणी सापडतात. सड्यावरचा कंद आणि त्यावरची माशी सापडणे कठीण.

तुमच्या गावचीही अशी वही असायला हवी. पुढच्या ग्रामसभेत ती मागा, मोठ्याने वाचायला लावा, आणि त्या दिवशी गुराखी आणि रानात जाणाऱ्या बायका सभेला असतील असे बघा.