गाडी आणि गाडीवरील माणूस

१ जून १९४८ रोजीं सकाळीं नगरच्या माळीवाड्यांतून एक मोटार पुण्यास निघाली आणि राज्य परिवहनाचा संसार सुरू झाला. गाडी बेडफर्ड कंपनीची, तीस आसनांची. तिचे चालक किसन राऊत व वाहक लक्ष्मण केवटे हीं दोन नांवें नगरकरांस अजून ठाऊक आहेत. गाडीबरोबर गाडीवरील माणसेंहि लक्षांत राहिलीं, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. कारण आजचा विषय त्या माणसांचाच आहे. वाहतुकीच्या धंद्यांत मनुष्य कामावर टिकतो कशानें, आणि विटतो कशानें?

कारखान्यांत मुकादम शेजारीं उभा असतो. मोटारीवर तसा कोणी नाहीं. गाडी एकदां आगाराबाहेर पडली कीं चाळीस-पन्नास जीव, तिकिटांची रोकड आणि लाखों रुपयांची गाडी दोन माणसांच्या हवालीं असते. ज्याच्यावर देखरेख करतां येत नाहीं, त्याच्या मनावरच तेथें सारा कारभार चालतो. मन कामांतून उडालें तर तें हजेरीपटांत दिसत नाहीं. थांब्यावर हात करणाऱ्या म्हातारीपुढून भरधांव निघून गेलेल्या गाडींत तें दिसतें. हजर असणें आणि लक्ष असणें यांतील अंतर आम्हां शाळामास्तरांस तरी कोणी शिकवावयास नको!

मुक्कामाची गाडी घ्या. अकोले, पारनेर, जामखेड या तालुक्यांतील आडगांवीं सायंकाळीं गेलेली गाडी रात्रीं तेथेंच राहते, आणि पहांटे शाळेचीं मुलें, दूधवाले, दवाखान्यास निघालेलीं माणसें घेऊन परतते. तिच्या चालक-वाहकांनीं रात्र कोठें काढली, हें आपण शहरांतील माणसें क्वचितच विचारतों. पुष्कळदां ती गाडीच्याच आसनांवर निघते. गांवानें एखादी खोली व हंडाभर पाणी दिलें तर ठीक, नाहीं तर डांस आणि थंडी आहेच. कामाचे म्हणून जे तास मोजले जातात, त्यांहून घराबाहेरचे तास फार अधिक. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसास आठ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास ही सर्वसाधारण मर्यादा घातली, पांच तासांच्या आंत निदान अर्ध्या तासाची विश्रांति सांगितली, आणि जेथें रात्रीचा मुक्काम पडतो तेथें विश्रांतीची खोली देण्याचा भार मालकावर टाकला. चालकाची झोप ही प्रवाशांच्याहि जिवाची गोष्ट आहे, हें कायदा करणारांस कळत होतें.

मग एवढी गैरसोय असतांहि एकेक मनुष्य तीस-तीस वर्षें कां राहिला? पगार कांहीं मोठा नव्हता. पण तो ठराविक तारखेस येई. भविष्यनिर्वाह निधि होता, घरच्यांस प्रवासाचा पास होता, अंगावर खाकी गणवेश व छातीवर बिल्ला होता. मुलगा ‘यष्टींत आहे’ एवढें ऐकून मुलीचा बाप समाधानानें मान डोलवी.

ही निश्चिति ढळली म्हणजे काय होतें, तें २०२१ च्या दिवाळींत सर्वांनीं पाहिलें. कोरोनाच्या सांथींत गाड्या उभ्या राहिल्या, उत्पन्न आटलें, पगार लांबूं लागले. ऑक्टोबर-अखेरीस संप सुरू झाला. नव्वद हजारांवर नोकर असलेलें महामंडळ शासनांत विलीन करावें, ही मागणी. २४ नोव्हेंबर रोजीं मूळ वेतनांत वाढ जाहीर झाली: दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांस ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षें झालेल्यांस ४,०००, त्यापुढें २,५००. नवख्यांचा पगार फारच तुटपुंजा होता, म्हणून त्यांस अधिक, हें समजतें. तरी आयुष्य घालविलेल्याच्या वांट्यास सर्वांत थोडें, हा हिशेब जुन्या माणसाच्या मनास लागल्यावांचून कसा राहील? संप मिटला नाहीं. उच्च न्यायालयानें २२ एप्रिल २०२२ पर्यंत रुजू होण्यास सांगितलें, तेव्हां कोठें गाड्या पूर्ववत् धांवूं लागल्या. पांच-सहा महिने बिनपगारीं बसणारा मनुष्य केवळ वाढीसाठीं बसत नाहीं. त्याला उद्यांची खात्री हवी असते.

आणि ही खात्री सर्वस्वीं पैशानेंच द्यावी लागते, असेंहि नव्हे. कामगिरीचा तक्ता चार दिवस आधीं कळावा, बहिणीच्या लग्नाची रजा लग्नापूर्वीं मंजूर व्हावी, दंडापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकावें, वाहक भगिनींस स्थानकावर स्वच्छ न्हाणीघर मिळावें. यास तिजोरी लागत नाहीं, लक्ष लागतें. खाजगी मालमोटारींवर एवढीहि सोय विरळाच. तेथें पुष्कळदां खेपेवर मजुरी. म्हणून दुसऱ्या मालकानें खेपेमागें शे-दोनशें अधिक देऊं केले कीं चालक तिकडे जातो. त्याला थांबावें असें वाटण्यास पहिल्यानें दिलें तरी काय होतें?

आतां नवा प्रश्न उभा राहिला आहे. पहिल्या गाडीस चौऱ्याहत्तर वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, १ जून २०२२ रोजीं, पुणें-नगर याच रस्त्यावर ‘शिवाई’ ही विजेवरची गाडी सुरू झाली. धूर नाहीं, खडखडाट नाहीं. प्रवासी खूष आहेत. परंतु विजेच्या गाड्या भाडेकरारानें घेण्याची जी रीत पडली आहे, तिच्यांत गाडीबरोबर चालकहि ठेकेदाराचा येतो, आणि वाहक मात्र महामंडळाचा. एकाच गाडीवरील दोघांचे धनी निराळे, पगाराच्या तारखा निराळ्या, रजा मागण्याचे दरवाजे निराळे. अपरात्रीं वाटेंत गाडी बंद पडली, तर दोघांनीं एकाच माणसास दूरध्वनि करावा, अशी व्यवस्था आधीं व्हावयास पाहिजे.