सकाळच्या चहाची उसनी तरतरी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, तेव्हा बातम्या झाल्या त्या जेवणाच्या आगेमागे तासभर चहा टाळण्याच्या सल्ल्याच्या. चहातली टॅनिन लोह नीट शोषू देत नाहीत, त्यामुळे सल्ला रास्तच आहे. पण त्यातला दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. उठल्याउठल्या एक, नाश्त्याबरोबर दुसरा, ऑफिसात दोनदा कटिंग आणि संध्याकाळी पाहुण्याच्या निमित्ताने आणखी एक, एवढे धरले तरी आपण बहुधा मर्यादेच्या आतच राहतो, मात्र दिवसभर कॅफिनच्या अमलाखाली असतो. ‘चहाशिवाय डोकं चालत नाही’ ही तक्रार अगदी खरी आहे. माझे म्हणणे इतकेच, की रोज चहा पिणाऱ्याच्या सकाळच्या तरतरीत मोठा वाटा रात्रभरात पडलेली तूट भरून निघण्याचा असतो.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन हे रसायन साचत जाते आणि ते आपल्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) बसले की पेंग येते. कॅफिनचा रेणू साधारण त्याच घडणीचा असल्याने त्याच जागा अडवतो, पण पेंग आणत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसा हा प्रकार आहे. रुमाल आहे तोवर तिथे कुणी बसत नाही, पण प्रवासी काही कमी होत नाहीत, ते दाटीवाटीने उभे असतात आणि रुमाल उचलला की धडाधड बसतात. रोजच रुमाल पडू लागले तर शरीर गाडीतल्या सीटच वाढवते! नियमित कॅफिन दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूत अ‍ॅडिनोसिनचे ग्राही वाढलेले आढळले आहेत. मग रात्रभर चहा नसला की या वाढीव जागाही भरतात, आणि सकाळी माणूस मंद व चिडचिडा होऊन उठतो. कडक उपवासाच्या दिवशी डोके ठणकू लागले की दोष रिकाम्या पोटाला दिला जातो. कॅफिन तुटल्यावर होणारी डोकेदुखी १२ ते २४ तासांत सुरू होते, हे ध्यानात घेतले तर पुष्कळदा खरा गुन्हेगार न प्यायलेला चहाच निघेल.

ब्रिस्टल विद्यापीठाच्या पीटर रॉजर्स यांनी २०१०मध्ये ३७९ जणांवर याची परीक्षा घेतली. सगळ्यांना सोळा तास कॅफिनपासून दूर ठेवले, मग काहींना कॅफिन दिले आणि काहींना कोरी मात्रा. रोज कॅफिन घेणाऱ्यांची तरतरी कॅफिनने वाढली खरी, पण ती पोचली जेमतेम तिथवर, जिथे कॅफिन न घेणारे कोऱ्या मात्रेवरही होतेच.

यावर आक्षेप असा, की कॅफिनने कामाचा वेग वाढतो हे तर शंभर वर्षांपूर्वीच दिसून आले होते. ते कसे, हे सांगण्याजोगे आहे. पेयात घातक कॅफिन घालते म्हणून अमेरिकी सरकारने कोका-कोला कंपनीवर भरलेला खटला १९११मध्ये उभा राहिला. बचावासाठी कंपनीने हॅरी हॉलिंगवर्थ या तरुण मानसशास्त्रज्ञाला प्रयोग करायला सांगितले. मॅनहॅटनमध्ये जागा भाड्याने घेतली, सोळा जणांना कधी कॅफिनच्या तर कधी नुसत्या दुग्धशर्करेच्या कॅप्सूल दिल्या आणि कुठली कशाची हे घेणाऱ्याला किंवा चाचणी घेणाऱ्याला कळू दिले नाही. टायपिंग, बेरजा, हाताची स्थिरता असे सगळे दिवसेंदिवस मोजले गेले. प्रयोग हॅरीच्या नावावर आहे, पण रोजचे काम चालवले त्याची पत्नी लेटा हिने. ती प्रशिक्षित शिक्षिका होती, पण विवाहित म्हणून न्यूयॉर्कच्या शाळा तिला नोकरी देत नव्हत्या. इतका काटेकोर प्रयोग जिने उभा केला, तिचे नाव कॅफिनच्या इतिहासात एखाद्या ओळीत उरावे, हे मला सलते. प्रयोगाच्या मोबदल्यातून तिने पुढचे शिक्षण घेतले आणि हुशार मुलांच्या मानसशास्त्रात मोठे काम केले. माफक मात्रेने काम वेगाने होते, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष मला मान्य आहे. रात्रपाळीच्या ड्रायव्हरला, एकसुरी काम करून शिणलेल्याला कॅफिनचा खरा उपयोग होतो. आठ तास झोपून उठलेल्या माणसाची गोष्ट वेगळी.

दुसरा आक्षेप थिअनिनचा. १९४९च्या सुमारास जपानी शास्त्रज्ञांनी ग्योकुरो चहातून हे अमिनो आम्ल वेगळे केले, आणि आता ‘शांत एकाग्रता’ देणारे म्हणून त्याच्या गोळ्या विकल्या जातात. गाजलेल्या प्रयोगांत १०० ते २५० मिलिग्रॅम थिअनिन दिलेले असते. एका कपात त्याहून कितीतरी कमी असते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही २०१८मध्ये काळ्या चहाने लक्ष सुधारते हे मान्य करून श्रेय कॅफिनलाच दिले. तरी चहात कॅफिनपलीकडे काहीच नाही, असेही मी म्हणणार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अँड्र्यू स्टेप्टो यांनी ७५ पुरुषांना सहा आठवडे काळा चहा किंवा तेवढेच कॅफिन असलेले दुसरे पेय दिले. मुद्दाम ताण दिल्यानंतर पन्नास मिनिटांनी चहावाल्यांचे कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक सरासरी ४७ टक्के उतरले होते, इतरांचे २७. ताण दोघांनाही सारखाच आला होता. चहावाले सावरले लवकर.

राहिली झोप. ‘मी तर रात्री चहा पिऊनही ढाराढूर झोपतो’ हा दावा घरोघरी ऐकू येतो. २०१३मध्ये क्रिस्टोफर ड्रेक आणि सहकाऱ्यांनी झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिले, तेव्हा यंत्राच्या नोंदीत झोप तासाहून अधिक घटली, पण झोपणाऱ्यांना ती घट तेवढी जाणवली नव्हती. ही मात्रा सहा-सात कडक कपांची, तेव्हा एका कपाचा परिणाम त्याहून सौम्य असणार. पण शरीरातले कॅफिन निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात. सिगारेट ओढणाऱ्यात ते लवकर निघून जाते, तर गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हाच काळ पंधरा तासांपर्यंत लांबतो. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफिन अशा बाईच्या रक्तात दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाही असू शकते.