मांजराचे आकलन आणि निवारागृहातील स्वयंसेवेचा आनंद

सारांश : निवारागृहात दाखल झालेल्या मांजराची भीती पुष्कळदा तुसडेपणा समजली जाते आणि या गैरसमजामुळे त्याला घर मिळण्याची शक्यता कमी होते. मांजराचे वर्तन समजून घेणे ही स्वयंसेवेची पूर्वअट आहे, तसेच तिच्यातून लाभणाऱ्या आनंदाचे मूळही तेथेच आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्या अनुषंगाने महाविद्यालयीन स्वयंसेवेच्या प्रचलित स्वरूपाचाही विचार केला आहे.

बीजशब्द : मार्जारवर्तन, देहबोली, निवारागृह, स्वयंसेवा, समाजीकरण.

प्रस्तावना

भारतीय वाङ्मयाने आणि लोकव्यवहाराने मांजराकडे बहुधा संशयानेच पाहिले आहे. पंचतंत्रातील मांजर तपस्व्याचे सोंग घेऊन न्यायनिवाड्यासाठी आलेल्यांचाच फडशा पाडते. महाभारताच्या शांतिपर्वात लोमश नावाचे मांजर आणि पलित नावाचा उंदीर यांचा संवाद येतो. त्यांचे सख्य संकटापुरते असते, संकट टळताच उंदीर अंतर राखतो. भक्तिविचारातील ‘मार्जारकिशोर न्याय’ हा मात्र सुखद अपवाद होय. तेथे पिल्लाला तोंडात अलगद धरून नेणारी मांजरी ईश्वरी कृपेचे प्रतीक ठरते. बोलीत मांजर आडवे जाते ते अपशकुनासाठी, आणि डोळे मिटून दूध पिते ते लबाडीसाठी.

ही प्रतिमा साहित्यापुरती मर्यादित असती, तर तिची चिकित्सा करण्याचे विशेष कारण नव्हते. परंतु निवारागृहाच्या पिंजऱ्यापुढे उभा असलेला माणूस हीच प्रतिमा मनात घेऊन आलेला असतो. कोपऱ्यात दबून बसलेले, हात पुढे येताच फिसकारणारे मांजर त्याला ‘माणूसघाणे’ वाटते आणि तो पुढच्या पिंजऱ्याकडे वळतो. त्या मांजराचे पुढील आयुष्य अशा काही क्षणांवर अवलंबून असते. म्हणूनच मांजराच्या वर्तनाचे वाचन हा व्यावहारिक महत्त्वाचा विषय ठरतो.

एकाकी शिकाऱ्याचा वारसा

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर होय. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने ही बाब स्पष्ट केली. सायप्रस बेटावर माणसाच्या दफनाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला आहे. २००४ साली जाहीर झालेला हा शोध माणूस व मांजर यांच्या सहवासाचा अतिप्राचीन पुरावा मानला जातो. शेतीबरोबर धान्याचा साठा आला, साठ्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले, असे या सहवासाचे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते.

येथे कुत्रा व मांजर यांतील मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. कुत्र्याचा पूर्वज कळपाने राहणारा होता, तर मांजराचा पूर्वज एकट्याने शिकार करणारा होता. स्वतः शिकारी असूनही आकाराने लहान असल्यामुळे तो इतरांचे भक्ष्यही होता. त्यामुळे लपणे, उंच जागा गाठणे, दुखणे झाकणे आणि परक्यापासून अंतर राखणे या सवयी मांजराच्या स्वभावात खोल रुजल्या आहेत. ‘मांजराचे पाय कुत्र्यावर आणि कुत्र्याचे पाय मांजरावर’ अशी म्हण मराठीत आहे. तिचा शब्दशः अर्थ घेतला, तर मांजराविषयीच्या आपल्या बहुतेक अपेक्षांचे वर्णन तिच्यात सापडते. हाक मारताच धावत येणे, अनोळखी माणसाचे स्वागत करणे, अंगावर उड्या मारणे ही कुत्र्याची मापे होत. त्यांनी मोजल्यास मांजर नेहमीच उणे भरणार.

समाजीकरणाचा कालावधीही महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आयलीन कार्श यांच्या १९८०च्या दशकातील संशोधनानुसार, वयाच्या साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लांना माणसाचा हळुवार स्पर्श नियमितपणे लाभतो, ती पुढे माणसाला अधिक सहजतेने स्वीकारतात. जिन्याखाली किंवा अडगळीत जन्मलेल्या पिल्लाचा हा काळ माणसावाचून गेला, तर त्याची भीती पुष्कळदा कायमची राहते. हा दोष त्याच्या स्वभावाचा नसून निसटलेल्या वेळेचा असतो.

देहबोलीचे वाचन

मांजराच्या भाषेत आवाजापेक्षा शरीर अधिक बोलते. प्रौढ मांजरे एकमेकांशी फारसे ‘म्यांव’ करीत नाहीत. तो आवाज मुख्यतः माणसासाठी राखलेला असतो. शेपूट सरळ उभी करून जवळ येणारे मांजर मैत्रीची खूण देत असते. कान मागे वा बाजूला चपटे होणे, शेपूट झटक्याने हलू लागणे, पाठीवरची कातडी थरथरणे ही ‘आता पुरे’ अशी सूचना असते. या सूचनेकडे दुर्लक्ष झाल्यावरच बहुधा पंजा उठतो. ‘मांजराने अचानक ओरबाडले’ या तक्रारीमागे न वाचलेल्या सूचनांची एक मालिका असते, असे म्हणणे वावगे ठरू नये.

काही खुणा फसव्याही असतात. पोट उघडे टाकून लोळणारे मांजर विश्वास दाखवते, परंतु पोटाला हात लावण्याचे निमंत्रण देत नाही. घुरघुर ही सामान्यतः समाधानाची खूण असली, तरी जखमी किंवा आजारी मांजरही घुरघुरते. डोळे मिटण्याचा अर्थ तर म्हणीने लावला त्याच्या नेमका उलट आहे. इंग्लंडमधील ससेक्स व पोर्ट्‌समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, माणसाने मांजराकडे पाहून डोळे सावकाश अर्धवट मिटले असता मांजरही तसाच प्रतिसाद देते. इतकेच नव्हे, तर अनोळखी माणसाने असे केल्यास त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे ते अधिक सहजपणे येते. याउलट रोखून पाहणे मांजराला धमकीसारखे वाटते.

निवारागृह : मांजराच्या दृष्टीतून

मांजर आपला प्रदेश गंधाने ओळखते. गाल, हनुवटी व शरीराचे अन्य भाग वस्तूंवर घासून ते स्वतःचा गंध तेथे ठेवते. निवारागृहात आल्यावर हा सारा ओळखीचा गंधप्रदेश एका दिवसात नाहीसा होतो. त्याऐवजी जंतुनाशकाचा वास, कुत्र्यांचे भुंकणे, परक्या मांजरांचे सान्निध्य आणि सतत बदलणारे चेहरे वाट्याला येतात. केसलर व टर्नर या संशोधकांनी १९९७ साली मांजराच्या शरीरस्थितीवरून त्याचा ताण सात पायऱ्यांमध्ये मोजण्याची पद्धत मांडली. ती आजही उपयोगात आहे.

ताण कमी करण्याचे उपाय पुष्कळदा अगदी साधे असतात. नेदरलँड्समधील एका निवारागृहात झालेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० मांजरांना लपण्यासाठी खोके देण्यात आले, तर ९ मांजरांना ते देण्यात आले नाही. खोके मिळालेल्या मांजरांचा ताण लवकर उतरला. लपण्याची सोय झाली म्हणून मांजर कायम लपून राहते, ही समजूत येथे चुकीची ठरते. मांजराला बाहेर येण्याचे धैर्य लपण्याची जागा हाताशी असल्यामुळेच मिळते.

बॅटरसी येथील अभ्यास

लंडनमधील बॅटरसी येथील निवारागृहाची परंपरा १८६० सालापासूनची आहे. मेरी टील्बी या महिलेने प्रारंभी बेवारस कुत्र्यांसाठी सुरू केलेल्या या संस्थेने १८८३ पासून मांजरांनाही आश्रय दिला. तेथील १०० मांजरे व १२० माणसे यांच्या साहाय्याने झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. सहभागी व्यक्तींना थोडक्या वेळात तीन गोष्टी शिकविण्यात आल्या : जवळ यायचे की नाही हे मांजराला ठरवू द्यावे, त्याच्या देहबोलीकडे लक्ष ठेवावे, आणि स्पर्श मुख्यतः गाल, हनुवटीखालचा भाग व कानांच्या मुळाशी करावा, पोट व शेपटीचे मूळ टाळावे. या मार्गदर्शनानंतर मांजरांची आक्रमकता व अस्वस्थता घटली आणि आपुलकीचे वर्तन वाढले.

याच संशोधनाच्या पुढील भागात, २०२२ साली, एक अनपेक्षित बाब समोर आली. स्वतःला मांजरांविषयी जाणकार समजणाऱ्या व अधिक मांजरे पाळलेल्या व्यक्ती मांजरांना नकोशा असलेल्या भागांना अधिक स्पर्श करीत असल्याचे दिसले. प्रेम, अनुभव आणि आकलन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट होते. मांजर बदलण्यापूर्वी माणसाने आपली रीत बदलावी लागते, हा या दोन्ही अभ्यासांचा इत्यर्थ होय.

स्वयंसेवकाचे काम आणि त्यातील आनंद

स्वयंसेवेचे दैनंदिन स्वरूप मुळीच रम्य नसते. मांजरांची वाळूची पात्रे साफ करणे, भांडी घासणे, पाणी बदलणे, कोणी किती खाल्ले याची नोंद ठेवणे हीच बहुतांश कामे असतात. मात्र प्रत्येक कामामागे कारण आहे. वाळू रोज स्वच्छ केल्याने दुर्गंधी टळते. शिवाय टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा प्रसार रोखला जातो, कारण विष्ठेतून बाहेर पडल्यावर तो संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. (गरोदर स्त्रियांनी हे काम टाळावे.) अंथरुणे एकाच वेळी सर्व न धुता एखादे तसेच ठेवले, तर मांजराचा स्वतःचा गंध टिकतो. अन्न न खाणाऱ्या मांजराची वेळेवर केलेली नोंद पशुवैद्यकाला आजाराचा पहिला सुगावा देते. गाईचे दूध अनेक प्रौढ मांजरांना पचत नाही. त्यामुळे प्रेमाने आणलेली दुधाची वाटी बाजूला ठेवण्याचे कामही स्वयंसेवकालाच करावे लागते.

उरलेले काम म्हणजे केवळ बसणे. घाबरलेल्या मांजराच्या पिंजऱ्याजवळ, त्याच्याकडे थेट न पाहता, एखादे पुस्तक हलक्या आवाजात वाचत बसणे ही निवारागृहांतील मान्य पद्धत आहे. पहिल्या दिवशी खोक्यातून केवळ दोन डोळे दिसतात. काही दिवसांनी माणूस समोर असताना मांजर अन्नाला तोंड लावते. पुढे केव्हातरी ते बाहेर येते, पुढे केलेले बोट हुंगते आणि आपला गाल त्यावर घासते. हा क्षण मागून मिळत नाही आणि आज्ञेने घडवता येत नाही. दुसऱ्या जिवाने स्वेच्छेने दिलेला विश्वास हेच या स्वयंसेवेच्या आनंदाचे स्वरूप आहे. मांजराला ‘नाही’ म्हणण्याची मुभा होती, म्हणूनच त्याच्या ‘हो’ला मोल असते.

या आनंदाला विरहाची किनार असते. सर्वाधिक जिव्हाळा जडलेले मांजर दत्तक गेले की पिंजरा रिकामा दिसतो, आणि तोच कामाच्या यशाचा पुरावा असतो. काही वेळा यशाची व्याख्याही बदलावी लागते. पूर्णतः रानटी वाढलेल्या प्रौढ मांजराला मांडीवर बसवण्याचा अट्टहास क्रूर ठरतो. निर्बीजीकरण व लसीकरण करून, त्याला त्याच्या ओळखीच्या जागी परत सोडणे हेच त्याच्या हिताचे असते.

महाविद्यालयीन संदर्भ

महाराष्ट्राला प्राण्यांच्या आश्रयाची परंपरा नवी नाही. मुंबईचे पांजरपोळ १८३४ सालचे आहे. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क (छ) नुसार सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांचे काम करणे अपेक्षित असते. त्यातील काही तास निवारागृहासाठी देता येतील, असे सहज सुचते.

तथापि, येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पन्नास विद्यार्थ्यांनी एका सकाळी येऊन स्वच्छता करावी, छायाचित्रे काढावीत आणि अहवाल सादर करावा, ही एकदिवसीय शिबिराची रीत वृक्षारोपणाला कदाचित चालेल. मांजरांच्या निवारागृहात मात्र ती अपायकारक ठरते. अनोळखी चेहऱ्यांची गर्दी घाबरलेल्या मांजराची आठवडाभराची प्रगती मागे नेऊ शकते. येथे दोन-तीन विद्यार्थ्यांचा गट, ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि किमान एका सत्राचे सातत्य हवे. प्रारंभी वर्तनविषयक प्रशिक्षण द्यावे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना हात धुण्याची शिस्त पाळावी, कारण मांजरांतील काही विषाणुजन्य रोग माणसाच्या हाता-कपड्यांवरून पसरतात. चावा वा ओरखडा आल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ डॉक्टरांना दाखवावी. रेबीजच्या संदर्भात यात हयगय चालत नाही.

निष्कर्ष

मांजर गूढ नाही आणि लबाडही नाही. ते सावध आहे, आणि त्याच्या सावधपणाला हजारो वर्षांचा इतिहास आहे. हे जाणणारा स्वयंसेवक फिसकारणाऱ्या मांजराच्या पिंजऱ्यावर ‘तुसडे’ अशी चिठ्ठी लावत नाही. तो खोके देतो, अंतर राखतो, दुसऱ्या आठवड्यातही त्याच वेळी येतो, आणि दत्तक घेण्यासाठी आलेल्या कुटुंबाला त्या मांजराविषयी खरी माहिती देऊ शकतो. महाविद्यालयांनी या क्षेत्रात पाऊल टाकायचे ठरविल्यास किती विद्यार्थी गेले याऐवजी किती विद्यार्थी पुन्हा गेले, हा निकष त्यांनी स्वीकारणे उचित ठरेल.