झाकणावरचा हुकूम

सात-आठ माणसे, त्यांच्या पिशव्या आणि टपावर आवळून बांधलेल्या बॅगा घेऊन कुंभार्ली घाट उतरणारी कौटुंबिक मोटार चालकाच्या पायाखालच्या एका पेडलवर विसंबून असते. परंतु त्या पायाची आज्ञा चारी चाकांपर्यंत पोहोचविणारा जो द्रव, त्याची चौकशी करण्याचा शिरस्ता मोटारमालकांत क्वचितच आढळतो. टायरांची नक्षी, इंजिनाचे तेल, फार काय बैठकीवरची खोळ, यांविषयी तासन्‌तास ऊहापोह करणारे गृहस्थ ब्रेक ऑइलची पाळी आली की ‘जे भारी असेल ते टाका’ असे मोघम फर्मान सोडून चहाला निघून जातात. आमच्या गाडीचे ब्रेक ऑइल बदलण्याचे काम चिपळुणातील एका गॅरेजात निघाले तेव्हा मी मात्र मुद्दाम शेवटपर्यंत बसून राहिलो.

मिस्त्रींनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण आधी फडक्याने स्वच्छ पुसले. एक तर धुळीचा कण आत पडू नये म्हणून, आणि दुसरे, त्यावर उठविलेला ‘डॉट ३’ हा ठसा वाचता यावा म्हणून. अमेरिकेच्या परिवहन खात्याने घालून दिलेल्या या प्रतवारीत कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू डॉट ३ साठी किमान २०५, डॉट ४ साठी २३० आणि डॉट ५.१ साठी २६० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण मानकात आकड्यांची दुसरीही एक ओळ आहे, आणि शहाण्या गिऱ्हाइकाने वाचावी ती हीच. ग्लायकॉल वर्गातील हा द्रव आर्द्रताशोषक असल्यामुळे झाकणाच्या सूक्ष्म छिद्रातून आणि रबरी नळ्यांच्या भिंतींतून हवेतील बाष्प अहर्निश ओढून घेतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की वरील तीन प्रतींसाठी किमान मर्यादा अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येते. उतारावर सतत ब्रेक लावून तापलेल्या कॅलिपरात असा द्रव उकळला म्हणजे वाफेचे बुडबुडे धरतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दबते, आणि चालकाने पेडल तळाला टेकविले तरी चाके त्याला दाद देत नाहीत.

टाकीतील जुना द्रव कोऱ्या चहासारखा काळपट झाला होता. मिस्त्रींनी तो पिचकारीने ओढून घेतला, सीलबंद बाटली माझ्यासमक्ष फोडून नवा, फिकट पिवळसर द्रव ओतला आणि नळ्यांतला जुना द्रव काढण्यासाठी पोऱ्याला चालकाच्या जागेवर बसविले. मास्टर सिलिंडर उजव्या हाताला असल्यामुळे सर्वांत दूरचे, म्हणजे मागचे डावे चाक प्रथम घेतले. ‘मार... मार... धरून ठेव!’ असा पुकारा झाला की पोऱ्याने पेडल दाबून धरावे, मिस्त्रींनी पान्याने चाकाजवळचा निप्पल किंचित सैल करावा, पारदर्शक नळीतून काळा द्रव आणि हवेचे बुडबुडे बाटलीत उतरावेत, निप्पल पुन्हा आवळला जावा आणि मगच ‘सोड’ म्हणावे. हा क्रम नितळ धार येईपर्यंत चालला. मधूनमधून टाकी भरून घेण्याची दक्षता होतीच, कारण ती रिकामी झाली तर हवा पुन्हा नळ्यांत शिरते. सर्वच गाड्यांत चाकांचा क्रम हाच नसतो. ज्या त्या गाडीच्या पुस्तिकेवरून त्याची खातरजमा करावी. रंगावर सांडलेले थेंब मिस्त्रींनी तत्काळ पाण्याने धुतले, कारण हा द्रव रंग खातो.

‘डॉट ५ भारी, तेच घाला की,’ असे शेजारी उभ्या असलेल्या एका इसमाने सुचविले. मिस्त्री म्हणाले, ‘साहेब, ते सिलिकॉनचं. यात चालत नाही.’ हे खरे आहे. डॉट ५.१ ग्लायकॉलचे, पण डॉट ५ सिलिकॉनचे; ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही आणि आत शिरलेले पाणी त्यात न मुरता सखल जागी साचून राहते. डॉट ३ च्या गाडीला डॉट ४ सहसा चालते. मात्र इंजिन ऑइलचा अंशही चालत नाही, कारण त्याने रबरी वायसर फुगून निकामी होतात.

सारांश, वर्षानुवर्षे न बदललेल्या डॉट ४ पेक्षा ताजे डॉट ३ अधिक विश्वासार्ह होय. कोकणासारख्या दमट मुलखात तर दोन वर्षांची मुदत टळू देऊ नये, आणि अर्धी उरलेली बाटली पुढच्या खेपेसाठी जपून ठेवू नये. झाकणावरचा हुकूम वाचावा, सीलबंद बाटली घ्यावी आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. कारण ब्रेक अखंड दाबून ठेवणाऱ्या चालकाला कोणतेही ब्रेक ऑइल पुरे पडणार नाही.